भीमसेनची अर्धी राहिलेली शर्यत

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय सत्याप्पा गुरुजी, व्यासपीठावरचे मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते भीमसेन आणि त्यांच्या पत्नी अक्काताई, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या भीमसेनच्या मातोश्री शेवंताबाई, आणि शहापूरच्या गल्ल्यांतून, निपाणीहून, सदलग्याहून वेळात वेळ काढून आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी बोललेल्या सगळ्यांनी भीमसेनचं तोंड भरून कौतुक केलं. बंगळूरच्या कंपनीनं त्याला बोलावलं, बेळगावचं नाव झालं, आपली छाती फुगली. सगळं मान्य. पण मी पडलो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. माझ्यासमोर काहीही ठेवलं की आधी झाकण उघडून बिघाड कुठं आहे ते बघतो. मंडळाचे चिटणीस मष्णू यांना हे ठाऊक असूनही त्यांनी मला बोलायला उभं केलं, तेव्हा पुढची जबाबदारी त्यांची.

भीमसेननं काय केलं, हे इथल्या वडीलधाऱ्यांना कदाचित नीट माहीत नसेल. पॉलिटेक्निकात शिकवून उरलेल्या वेळात तो माझ्या दुकानात येऊन बसायचा. टीव्हीला जोडायचा एक छोटा काँप्युटर त्यानं घेतला होता. त्यावर त्यानं एक खेळ लिहिला. बैलगाडीची शर्यत. पडद्यावर मराठी अक्षरं, निपाणीतून गाडी सुटते, बैल दमले तर थांबवावं लागतं, फार हाकलं तर बसकण मारतात. गाडी दूधगंगेच्या काठावर आली की पडद्यावर पाटी येते, नदी उतरायची वाट दुसऱ्या भागात. दोन वर्षं खपला हो तो त्यासाठी. माझ्या दुकानातला रंगीत टीव्ही गिऱ्हाइकाला परत द्यायला उशीर झाला की समजावं, भीमसेनचे बैल त्यावर पळताहेत.

आता माझ्या दुकानात दुसरीही एक वस्तू आहे. टीव्ही गेमची पेटी. तिच्यात डबी खोचायची, बटण दाबायचं, खेळ चालू. मुलं खूश, आईबापही खूश, कारण शिकायचं काही नाही. काँप्युटरवर मात्र टेपरेकॉर्डर जोडा, खेळ भरलेली कॅसेट लावा, ती किंचाळत असताना गप्प बसून राहा, आणि शेवटी खेळ आला तर नशीब. मग लोक त्याच्या मागे का लागायचे? कारण तो आतून उघडता येतो. सदलग्याच्या एका पोरीनं भीमसेनचा खेळ उघडून बैलांना आपल्या घरच्या बैलांचे रंग दिले आणि त्याला दाखवायला आणले. त्या दिवशी भीमसेनला एवढा आनंद झाला की त्यानं मला सगळ्यांना चहा पाजायला लावला. पेटीचं तसं नाही. तिच्या डबीत काय आहे ते खेळणाऱ्याला कधी कळत नाही.

पण मंडळी, डबीची घरी नक्कल करता येत नाही आणि कॅसेटची येते. दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आता कुणाकडे नाही? एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला कोरी. भजनाची, नाटकाची, लग्नातल्या सनईची कॅसेट आपण अशीच घरोघर पोचवतो आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. भीमसेनचा खेळही आपण तसाच पोचवला. प्रेमानं पोचवला, हे मी शपथेवर सांगेन.

कडोलीच्या साहित्य संमेलनात आम्ही टेबल मांडून बसलो होतो. पुस्तकांच्या शेजारी भीमसेनच्या कॅसेटी. गर्दी तर अशी की मला वाटलं, आणलेल्या पुरणार नाहीत. जो येई तो भीमसेनचा हात हातात घेई. "सर, लई भारी केलासा. आमच्यात रोज लावत्यात पोरं." भीमसेननं कॅसेट पुढं केली की म्हणत, "हाय की आमच्याकडं. भाच्यानं भरून दिली." एक गृहस्थ तर तक्रार घेऊन आलते. "आमच्या कॉपीत खरखर येती, अर्ध्यातच बंद पडतंय. जरा चांगली भरून द्या की." भीमसेननं त्यांची कॅसेट घेतली, शेजारच्या टेपवर लावली आणि खरोखर चांगली भरून दिली. मला असा संताप आला होता, पण तो हसत होता. संध्याकाळी आणलेल्या कॅसेटी आम्ही जवळजवळ तशाच बांधून परत आणल्या.

त्यानं मला आधीच सांगितलं होतं की पहिला भाग खपला तरच दुसरा पुरा करता येईल. नोकरी सांभाळून पुन्हा दोन वर्षं घालवणं घरच्यांवर अन्याय आहे. पहिला भाग गावोगाव गेला, पण खपला नाही. मग बंगळूरचं बोलावणं आलं. ती कंपनी पेटीसाठी खेळ करते. त्यांना भीमसेनची शर्यत आवडली, फक्त बैल काढून मोटारी घाला म्हणाले आणि अक्षरं इंग्रजी करा म्हणाले. भीमसेन हो म्हणाला. मी त्याच्याशी भांडलो. तू आपल्या पोरांच्या हातात बंद डबी देणार का, असं विचारलं. तो म्हणाला, "ज्योतिबाअण्णा, डबी बंद हाय म्हणून तर मला पगार मिळणार हाय. उघडी ठेवून बघितली की मी." याला कुणाला उत्तर सापडलं असेल तर चहाच्या वेळी सांगा.

शेवंताबाई, पुढचं तुम्हाला न विचारता सांगतोय, रागावू नका. काल मी आणि मष्णू भीमसेनच्या घरी गेलो होतो. मंडळाची कल्पना अशी की दुसरा भाग जेवढा झालाय तेवढा त्याच्याकडून मागून घ्यायचा, कॉपी करायच्या आणि आज इथं प्रत्येकाला आठवण म्हणून एकेक द्यायची. हो, कॉपीच. आमच्या कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. मष्णूच्या हातात कोऱ्या कॅसेटींनी भरलेली पिशवी होती.

भीमसेननं आतून कॅसेट आणली आणि टेपला लावली. दुसऱ्या भागाची तेवढी एकच कॅसेट होती. मी ती किंचाळण्याची वाट बघत होतो. तिच्यातून शेवंताबाईंचा आवाज आला. "भीमा, जेवलास का रं? तिकडचं पानी सोसंना झालं तर उकळून पी. मी निपानी सोडून येत न्हाय म्हणून मनाला लावून घेऊ नगंस."

मष्णूचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "अरं, आईचा आवाज भरायला दुसरी कॅसेट मिळाली न्हाय व्हय तुला?" आणि हातात तर ती पिशवी.

भीमसेन म्हणाला, "मिळाली असती की. पर हिची कॉपी मागायला कुणी यायचं न्हाय."

आम्ही तसेच परत आलो. म्हणून आज तुमच्या हातात नुसतं पेढ्यांचं पाकीट आहे.

अध्यक्षांनी मला वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, अक्काताईंनी आजवर माझ्या दुकानातून नवऱ्याला हाक मारून परत नेताना कधी तोंड वाकडं केलं नाही, सर्वांचा मी आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनानं क्षमा करा. भीमसेन, तू मात्र आम्हाला इतक्यात क्षमा करू नकोस.