पडद्यामागचा डावा हात

केया : पडद्यामागे तो कीबोर्ड कोणासाठी लावलाय, बाबा?

दामिर : दार लाव पहिले.

केया : मी स्टेज बघायला गेले होते. पुढे तुझा पियानो, बाजूला अकॉर्डियन, ओके. पण मागे काळ्या पडद्याआड एक कीबोर्ड, एक खुर्ची आणि एक छोटासा दिवा. तो कोणाचा?

दामिर : माझाच. गाडीच्या डिकीत आणला. ब्लँकेटखाली.

सुलेखा : अच्छा! म्हणून नोव्हायच्या घरापासून इथवर डिकी उघडू दिली नाहीस होय मला! अख्खा हायवे केक मांडीवर घेऊन बसले मी. पाय आखडले माझे.

केया : आई, एक मिनिट. बाबा, कोण वाजवणार आहे तो?

दामिर : तू.

केया : मी?

दामिर : तू. फक्त डावा हात. उजवा मी पुढे बसून वाजवतो. लाइट माझ्यावर. साउंडवाला आपला माणूस आहे, तो दोन्ही आवाज मिसळून देईल. समोर बसलेल्या कोणाच्या बापाला कळणार नाही.

केया : आर यू सिरियस? आज सकाळी प्लेनोहून फ्लाइट पकडून आलेय मी. तुझा शेवटचा शो बघायला. बघायला, बाबा!

सुलेखा : दामिर, डावा हात वर कर.

दामिर : सुलेखा, आता नको.

सुलेखा : वर कर म्हणते ना. हं. आता मूठ उघड. पूर्ण उघड. करंगळी का उठत नाहीये? आणि ते शेजारचं बोट?

दामिर : थंडी आहे ना इथे.

सुलेखा : थंडी म्हणे! डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात जन्म गेला माझा नर्स म्हणून. मला थंडी शिकवतोस? मार्चमध्ये म्हणालास, वेडावाकडा झोपलो, हात अवघडलाय. तो अर्धांगाचा झटका होता. होता की नाही?

दामिर : लहान होता.

सुलेखा : अरे देवा!

दामिर : डॉक्टरकडे गेलो होतो ना बापा. एकटाच गेलो. गोळ्या चालू आहेत. बोटं आली परत, दोन नाही आली. आता काहून ओरडून राहिली? बाहेर लोक आहेत.

सुलेखा : ओरडू नको तर काय आरती करू तुझी? एका पलंगावर झोपतो आपण, आणि मला सांगितलं नाहीस! उठ. कोट घाल. शो कॅन्सल. बाहेर जाऊन मीच सांगते.

दामिर : कॅन्सल नाही होणार. आज रेकॉर्डिंग आहे. शिकागोहून माणसं आली आहेत मशिनं घेऊन. आज नाही झालं तर मग कधीच नाही.

सुलेखा : मग अकॉर्डियन वाजव नुसता. लोकांना आवडतो तोही. आमच्या मंडळाची सगळी मंडळी आलीत, मोरेश्वरभाऊ पहिल्या रांगेत बसलेत. त्यांना तर तुझा अकॉर्डियनच पेटीसारखा गोड वाटतो.

दामिर : अकॉर्डियनला डावा हात नाही लागत काय? बटणं कोण दाबेल, तुझा मोरेश्वर? आणि लोक ब्लूज ऐकायला आले. ब्लूज म्हणजे डावा हात. उजवा तर नुसता बोलतो, चालतो तो डावा. तुझ्या पोरीला विचार, तिला माहीत आहे.

केया : हो, मला माहीत आहे. मला तेवढंच माहीत आहे.

दामिर : म्हणून तर म्हणतो. रिहर्सल पण नाही लागणार तुला. झोपेत वाजवशील.

केया : तू मागच्या आठवड्यात फोन केलास. स्वतः. पहिल्यांदा आयुष्यात तू स्वतः नंबर लावलास, आईनं हातात फोन नाही दिला. म्हणालास, ये बेटा, बापाचा शेवटचा शो आहे. मी फ्लाइटमध्ये रडले, यू नो दॅट? शेजारची बाई मला टिशू देत होती. आणि तुला एक हात हवा होता फक्त.

दामिर : तू पण पाहिजे होती.

केया : खोटं बोलू नकोस.

दामिर : बरं. हात जास्त पाहिजे होता.

सुलेखा : जिभेला काही हाड आहे की नाही तुझ्या?

केया : नाही आई, बोलू दे. निदान खरं तरी बोलतोय. बाबा, मी एकोणीस वर्षांची होते. याच क्लबमध्ये. पहिल्यांदा एकटी बसले होते पियानोवर. तुझा पूर्ण बँड उभा होता समोर. तू काय म्हणालास, आठवतं?

दामिर : आठवतं.

केया : म्हण मग.

दामिर : मी म्हटलं, हा डावा हात माझी कॉपी आहे. लोक एक दामिर ऐकायला येतात, दोन नाही.

केया : आणि ड्रमर हसला.

दामिर : तो मूर्ख होता. पण मी खोटं बोललो काय? कॉपीच होती. अजून आहे. म्हणून तर आज कोणाला फरक नाही कळणार.

केया : ऐकलंस आई? अजूनही तेच. सॉरी नाही, काही नाही.

सुलेखा : सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही याचा.

केया : तुला माहितीये कॉपी का होती? चार वर्षांची होते तेव्हापासून मला बेंचवर डावीकडे बसवायचास. पाय खाली पोचत नव्हते माझे. तू उजवा वाजवायचास, मी डावा. मजा यायची. आई स्वयंपाक करायची आणि आपण दोघं मिळून एक माणूस असायचो. पण ब्लूज गाणाऱ्या तुझ्या मिस ओपलनं तुला कसं शिकवलं? प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगतोस. सहा महिने फक्त डावा हात, आणि सातव्या महिन्यात ती बाई म्हणाली, आता घे उजवा. माझा सातवा महिना कधी आला, बाबा?

दामिर : उजवीकडे मी बसत होतो ना.

केया : हो. तू बसत होतास. पंधरा वर्षं तू बसत होतास. म्हणून त्या दिवशी एकटी बसले तेव्हा मला उजव्या हाताचं काय करायचं तेच कळेना. झाकण बंद केलं आणि बाहेर पडले. आज बँकेचं सॉफ्टवेअर लिहिते आणि घरी पियानो नाही. लोकांच्या घरी असला तर मी त्याच्याकडे पाठ करून बसते.

दामिर : मला हे नव्हतं माहीत.

केया : तू विचारलंस कधी?

(दारावर टकटक होते. बाहेरून कोणीतरी इंग्रजीत सांगतं की हॉल भरलाय, तयार राहा.)

दामिर : ऐक. आता भांडायला वेळ नाही. तुझ्या आजीनं मला मराठी शिकवली, तेव्हा पहिली म्हण कोणती शिकवली? झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढंच मागतो मी. एक संध्याकाळ मूठ झाकून ठेव.

केया : मूठ माझी आहे बाबा. सव्वा लाख तुझे.

सुलेखा : बरोबर बोलली. माझ्या आईकडून ते 'काहून' आणि म्हणी तेवढ्या उचलल्यास, अक्कल तिथेच ठेवून आलास. दामिर, तिला सांग.

दामिर : काय सांगू?

सुलेखा : तू गाव सोडून का आलास ते.

केया : मला माहीत आहे ते. बंदरावर अमेरिकन खलाशी भेटला, त्यानं ब्लूजची रेकॉर्ड दिली, ती ऐकून हा वेडा झाला आणि निघाला. लहानपणी शंभरदा ऐकलंय.

सुलेखा : ती पेपरवाल्यांची गोष्ट आहे. सांगतोस की मी सांगू?

दामिर : सुलेखा, ते मी फक्त तुला सांगितलं होतं.

सुलेखा : आणि मी पोटात ठेवलं. सासूसासऱ्यांचं तोंड पाहिलं नाही कधी, तरी ठेवलं. पण आज तू माझ्या पोरीला त्याच पडद्यामागे बसवतोस, तर आता नाही ठेवणार.

केया : त्याच म्हणजे? कोणत्या पडद्यामागे?

दामिर : पाणी दे मला.

सुलेखा : घे. आणि बोल.

दामिर : माझा बाप अकॉर्डियन वाजवायचा. स्प्लिट शहराच्या बाजूला आमचं गाव. तेव्हा क्रोएशिया वेगळा देश नव्हता, युगोस्लाविया होता. आजूबाजूच्या सगळ्या गावांची लग्नं त्याच्याकडे. तो नाही तर लोक तारीख बदलायचे. मग शिपयार्डमध्ये त्याचा उजवा हात दबला. तीन बोटं गेली कामातून.

केया : हे तू मला कधीच नाही सांगितलंस.

दामिर : अकॉर्डियनला एक बटण असते, हवेचं. अंगठ्यानं ते दाबून धरलं की भाता हलतो, पण आवाज नाही येत. तो पुढे बसायचा, भाता ओढायचा, मान डोलवायचा, बायकांकडे पाहून हसायचा. आवाज नाही. वाजवायचो मी. मागे वाइनची पिंपं ठेवलेली असायची, त्यांच्यावर चादर टाकलेली. त्या चादरीमागे, जुना अकॉर्डियन घेऊन. सतरा वर्षांचा होतो.

केया : किती दिवस?

दामिर : दोन वर्षं. लग्न झालं की लोक बापाला खांद्यावर घ्यायचे. मी तिथेच बसून राहायचो, सगळे जाईपर्यंत. लघवीला पण उठायचं नाही. एकदा एका लग्नात एक मुलगी आली, नवरीची बहीण. तिनं मला विचारलं, तुझा बाप एवढा मोठा कलाकार, तू काय करतोस? मी म्हटलं, काही नाही. बाप बाजूलाच उभा होता. मला वाटलं, आता बोलेल. नुसतं एवढं म्हणेल, पोरगा बरा वाजवतो.

केया : नाही बोलला?

दामिर : तिच्या ग्लासात वाइन ओतली त्यानं. त्या हिवाळ्यात मी निघालो.

सुलेखा : बापाच्या मातीलाही गेला नाही हा. तार आली तेव्हा केया पोटात होती माझ्या. मी म्हटलं जा, मी सांभाळते. तर गॅरेजमध्ये जाऊन बसला.

केया : आणि डेट्रॉइटला मिस ओपल...

दामिर : मिस ओपलला माझं नाव नीट बोलता नाही यायचं. पण पहिल्या संध्याकाळी मी नुसता डावा हात वाजवत होतो तिच्या बाजूला, तिनं गाणं थांबवलं आणि लोकांना सांगितलं, हा कोण आहे. चुकीचं नाव सांगितलं. पण सांगितलं.

केया : हे सगळं माहीत असून तू माझ्यासाठी खुर्ची मांडलीस तिथे? दिवा पण लावलास?

दामिर : तुला अंधारात कीज दिसल्या पाहिजे म्हणून.

केया : बाबा!

दामिर : काय करू मग? मला भीती वाटते, केया. लोक टाळ्या वाजवतात ना, दोन प्रकारच्या असतात. एक खऱ्या. एक म्हाताऱ्याला देतात तशा. त्या दुसऱ्या मला नाही ऐकायच्या. बापाला पण हीच भीती होती. आता कळतं मला, इतका हात खराब झाल्यावर.

केया : तू पळून अमेरिकेला आलास. मी प्लेनोला गेले. तुला काय वाटलं, जॉबसाठी गेले?

दामिर : आईला तू तसंच सांगितलं होतं.

केया : सांगितलं होतं. नोव्हायमध्ये जॉब नव्हते काय? निम्मं नोव्हाय आपलंच आहे, सगळे इंजिनिअर. जिथे तुझं पोस्टर लागत नाही तिथे जायचं होतं मला.

सुलेखा : पोरी...

केया : मी वाजवीन. पण पडद्यामागे नाही.

दामिर : बरं, बरं. बेंचवर ये. माझ्या पलीकडे बस, आतल्या बाजूला. मी जाडा आहे, तू झाकली जाशील. लाइट फक्त माझ्यावर...

केया : लाइट दोघांवर. आणि सुरू करायच्या आधी तू माइकवर सांगणार. डावा हात गेलाय, आणि डावा कोण वाजवतंय.

दामिर : शेवटी सांगतो. सगळं झाल्यावर. शप्पथ, तुझ्या आईची शप्पथ.

सुलेखा : माझी शपथ घेऊ नकोस हं, आज तर मुळीच नको.

केया : आधी, बाबा. नाहीतर मी एअरपोर्टला जाते. तुला कळतंय ना, मी जाईन. निघून जायची सवय तुझ्याकडूनच आलीय मला.

सुलेखा : केया, असं नको गं बोलू.

केया : मग काय बोलू, आई? इतकी वर्षं छानच बोलत होते ना फोनवर? जेवलास का, बर्फ पडला का?

(पुन्हा टकटक. आता शांतपणे आणि जास्त वेळ.)

सुलेखा : मी बाहेर जाऊन मोरेश्वरभाऊंच्या शेजारी बसते. माझं बोलून झालं. दामिर, तू स्टेजवर एकटा आलास तर मी उठून घरी जाईन, सगळ्यांच्या देखत. केक इथे ठेवलाय, तो कोणी पाडू नका.

दामिर : केया, एक सांगू? आधी सांगितलं तर लोक तुझ्याकडेच बघत बसतील. हात बघतील तुझा. माझ्याकडे कोणी नाही बघणार. माझा शेवटचा दिवस आहे आज.

केया : हो बाबा. तसंच होईल.

दामिर : रेकॉर्डवर पण नाव जाईल मग.

केया : जाईल.

दामिर : माझ्या बापानं हे नसतं केलं.

केया : माहितीये.

दामिर : चल. अशी नको. थांब, इकडे बघ. केस मागे बांध आधी, तोंडावर येऊन राहिले. लोकांना तू दिसली पाहिजे.