गंध : नाही

नाही नाही, बाटलीचं बूच परत लावा हरीभिया, आणखी उघडं ठेवू नका — आमच्या प्रमोदिनीबाईंनी टायपिंग सोडून नाकाला पदर लावला ते पाहिलं मी, तेवढं पुरे. बसा, त्या स्टुलावर बसा. अन् हातात काय, मागचा रिपोर्ट ना? द्या इकडे — नको, राहू द्या, पाठ आहे मला. परदेशीपुरा, गल्लीतली विहीर, रंग नाही, गंध नाही, पिण्यास योग्य. खाली माझी सही, केमिस्ट म्हणून. अक्षर सुंदर आहे, नाही? आजोबा होळकरांच्या दप्तरात होते, अक्षर त्यांचंच आलंय घरात.

काय म्हणता? विहिरीवर चिकटवला होता? खळ लावून? म्हणजे वास येतो म्हणून बायकांनी ती विहीर सोडली होती, अन् माझा कागद बघून परत हंडे लावले. असंच ना? दोन महिने. आणि तुमच्या बायकोला, लीलाबाईंना, अजून उभं राहिलं की चक्कर येते? हं.

बघा, असं आहे — विहिरीमागे ती नवी शेड झाली ना, ते लोक मशीनचे पुर्जे ज्यानं धुतात ते सॉल्व्हंट पाण्यात दिसत नाही. गाळ नाही, रंग नाही. ते पकडायचं मशीन आपल्या मध्यप्रदेशात आहे की नाही कोण जाणे, असलं तर भोपाळला फायलीत असेल. मग आम्ही काय करतो — चंबूत पाणी घ्यायचं, जरा कोमट करायचं, हलवायचं अन् हुंगायचं. बस. नाक हेच मशीन. पुस्तकातच तसं लिहिलंय. आता तुम्ही म्हणाल, मग साहेब, तुम्ही हुंगलं नाही का? हुंगलं ना. तीनदा हुंगलं, देवाशपथ.

पण ही डबी बघताय? तपकीर. कॉलेजपासूनची सवय. वीस वर्षं झाली, ह्या नाकाला काही म्हणजे काही कळत नाही. घरी आमटी करपली तर बायको ओरडते तेव्हा समजतं — आता तोंडातून निघालंच आहे तर पूरा ऐका. आमच्याकडे संताजी चपराशी होता. चंबू धुवायचं काम त्याचं. धुवायच्या आधी हुंगायचा अन् म्हणायचा, साहेब, इसमें घासलेट की बास है. मी लिहायचो. अकरा वर्षं तो हुंगायचा अन् मी सही करायचो, वरच्या साहेबांना पत्ता नाही. गेल्या दिवाळीला तो रिटायर झाला. नव्या माणसाला कसं सांगू, की बाबा रे, केमिस्टसाठी जरा हुंगून दे? लाज वाटली. बस, लाजेपायी झालं सगळं. तेव्हापासून, भिया, इंदूरच्या एकाही पाण्याला वास नाही. रजिस्टर काढून बघा — नाही, नाही, नाही, एकाखाली एक, मोत्यासारखं.

तुमच्या गल्लीनं माझ्या अक्षरावर भरवसा ठेवला अन् मी — अहो, रागवा ना. चिडा. ते बूच काय फिरवत बसलात.

उघडा बूच. उघडा म्हणतो. तुम्ही हुंगा अन् सांगा, मी लिहितो. कसा? गोडसर? ड्रायक्लीनच्या दुकानात येतो तसा? लिहिलं. पिण्यास अयोग्य. अन् त्याच्याखाली हेही — वास हरी ह्या अर्जदारानं घेतला, केमिस्टला वास येत नाही. हो, तसंच. प्रमोदिनीबाई, थांबलात का? करा टाइप. सगळं करा. उद्या ते रजिस्टर घेऊन मीच साहेबांकडे जातो, दिवाळीपासूनचं सगळं पाणी परत तपासायला मागवावं लागेल.

घ्या, हा नवा. विहिरीवर लावा. अन् तो जुना फाडून नका टाकू, भिया. मला परतही नको. चौकशीत विचारतील, तेव्हा तुमच्याकडे काहीतरी असायला हवं, अन् त्यावर माझी सही आहे.

सायकल आणलीय ना? मग उभे काय राहिलात माझ्या तोंडाकडे बघत — पाच वाजले, बायका हंडे घेऊन निघाल्या असतील. जा ना.