घराणं कोणतं?

तुमी घोड्यांचा विषय काढला म्हणून सांगतो. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट हाय. मी सेलूला शाळेत नवीनच मास्तर होतो. तिथले आठ-दहा घोडेवाले दर हिवाळ्यात सकाळी निघायचे अन् संध्याकाळी येलदरीच्या धरणावर पोचायचे. शर्यत न्हाई, बक्षीस न्हाई, नुसता शौक. मी ताडकळसच्या बाजारातून घोडी आणली, तर त्यांच्यातले वडीलधारे मन्मथअप्पा, किराणा दुकानवाले, स्वतः घरी येऊन म्हणाले, "मास्तर, चला आमच्यासंगं."

दुपारी जिंतूरच्या अलीकडं एका ओढ्यावर थांबलो. अप्पांनी शिदोरी सोडली, माझ्या हातावर धपाटं ठेवलं अन् विचारलं, "मास्तर, घराणं कोणतं?"

हा प्रश्न कधी येतो, याची मी सेलूपासून वाट बघत होतो. धपाटं खाली ठेवलं अन् सरळ सांगितलं, "आमी बौद्ध. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली."

अप्पांनी धपाटं उचलून परत माझ्या हातावर ठेवलं.

"बरं हाय. पण मी घोडीचं इचारायलोय."

"तिचं काय माहीत न्हाई. बाजारातली हाय."

"आई कोण, बाप कोण, कायबी माहीत न्हाई?"

"न्हाई."

सगळ्यांचे चेहरे पडले. अप्पांनी मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, स्वतःच्या तांब्यातलं पाणी पाजलं. सगळ्यांच्या बरोबरीनं पोटभर जेवलो.

माझी घोडी मात्र त्यांनी सोडून नेली अन् बाकीच्या घोड्यांपासून लांब, एकटीच बाभळीला बांधली.