म्हातारीचा बूट, दोन मिनिटांवर

मुंबई मला न पाहताच पाठ होती, बरं का! लहानपणी रेडिओवर मुलांचा एक कार्यक्रम लागायचा. त्यातली भावंडं मुंबईभर भटकायची आणि इथे सिल्वासात बसून मीही त्यांच्याबरोबर. म्हणून शाळेची सहल ठरली तेव्हा, तासाच्या घंटेलाही दचकणारी मी, छातीठोक म्हणाले, "मुलींना मी नेते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "आधी मला फिरवून दाखवा, मग मुली सोपवते."

मग आम्ही दोघी मुंबईला गेलो. राणीच्या बागेत मी त्यांना कुणालाही न विचारता हत्तीपुढे उभं केलं. बाई खूश!

मी म्हणाले, "आता म्हातारीचा बूट, ते बुटाच्या आकाराचं घर. चालतच जाऊ, दोन मिनिटांवर तर आहे."

चालता चालता दुपार झाली. भोंगे ऐकून मी दोनदा बाईंच्या अंगावर उडाले, त्यांची चप्पल तुटली. शेवटी पानवाल्याला विचारलं.

"म्हातारीचा बूट? तो मलबार हिलवर. बस पकडा, अजून लांब आहे."

"दोन मिनिटं कुणी सांगितली होती?" बाई कडाडल्या.

"रेडिओवरची भावंडं तेवढ्यात पोचायची हो. मध्ये नुसती जराशी सतार वाजायची."

बाई मटकन फूटपाथवर बसल्या आणि पोट धरून हसल्या.

"सहल तुम्हीच न्या, हत्ती बरोब्बर सापडला. पण बस ठरवा हो, एवढ्या मुलींना सतार पुरायची नाही!"