तोंडात तीन बोटं

आमी मूळचे आंजीचेच, मोठ्या आंजीचे. बस स्टॅन्डपाशी बाबाचा पानठेला होता. शाळेतून आली का मी दप्तर फेको आन तथीच बसो. खर्रा घोटाले दादाच्या आधी मी शिकली, पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेऊन घासत राह्याचं. काय सांगू तुमाले, लोकं म्हणत पोरीच्या हाताले चव हाये, आन मले लय भारी वाटे.

मंग बाबाच्या गालात छाला आला. गरम चहानं पोळलं म्हणे, सहा महिने तेच म्हणत राह्यले. वर्ध्याले नेलं तं कॅन्सर निंघाला. अर्धा जबडा काढला, बोलणं बंद, नाकात नळी, मी डाळीचं पाणी त्या नळीतून देत होती. एक दिवस इचारलंच, बाबा, मी घोटून देल्ल्यानं झालं का हो हे? बाबानं रागानं वाटी भिरकावली, मंग जुन्या बिलाच्या मांगं लिहलं, खाणारा मी होतो, तू नाई. तो कागद आईजवळ हाये.

बाबा गेले. वरीस दोन वर्सांनी मी आन दादा गाडीवर गुपचूप, म्हंजे तुमची पाणीपुरी, खाले गेलतो, तं हा एकेक गुपचूप तोडून खाऊन राह्यला. काऊन रे दादा? म्हणे, तोंड दुखते. मले बाबाच्या डॉक्टरचं आठवलं, तोंड धड असलं तं उभी तीन बोटं तोंडात गेली पाह्यजे. तथीच गाडीवर त्याले म्हटलं, घाल बोटं. दीडच गेली. म्हटलं, बाबाले पाह्यलं ना रे तू, तरी खर्रा खाऊन राह्यला? तं म्हणे, बाबा गेल्यापासून करमत नाई, तोंडात खर्रा असला का बाबा बाजूले बसल्यावानी वाटते.

आता त्याच्यावर काय चिडाचं, सांगा? दोघंबी रडलो, गुपचूपवाला प्लेट धरून उभा.

दुसऱ्याच दिवशी मी त्याले वर्ध्याले नेलं. कॅन्सर नाई निंघाला. तोंडातली चमडी आकसली म्हणे, खर्रा बंद केला नाई तं पुढचं सांगता येत नाई. आता ठेल्यावर मी चहा-पोहे इकते, खर्रा नाई ठेवत. दादा रोज आरशापुढं तोंड उघडाची कसरत करते, दोन बोटं जाते आता. मधात एखांद्या वक्ती चोरून खाते, मले वासानंच समजते. ओरडत नाई मी, पाणी देते, चूळ भर म्हणते.

देवानं एवढंच करावं, त्याच्या लग्नात आईनं अख्खा लाडू भरवावा आन त्याच्या तोंडात तो मावावा.