नांदायला आधी आलेले पाणी

मानोऱ्याची एसटी आलेली नव्हती. वैशाखाचे ऊन स्थानकाच्या पत्र्यावर निश्चल पसरले होते आणि रांगेत माझ्या मागे उकंडराव वच्छलाबाईंना विनवीत होते.

“तुमची अंजना आमच्या जगदेवले द्या न बाई. दोन सालं झाले, मांगून राह्यलो.”

“तुमच्या गावची इहीर दर उन्हाळ्यात आटते. माह्या पोरीनं डोक्यावर कोसभर पाणी वाहाचं काय?”

“अवंदा पुरुषभर पाणी हाय!”

“कुठून आलं?”

“तुमी वरतं पाझर तलाव बांधला न, रोजगार हमीचा? त्याचं पाणी जमिनीतून आमच्या इहिरीत उतरलं.”

“वा रे वा! माती आमी वाहाची अन् पाणी तुमी प्याचं? अंजनानं तीन मैने टोपले उचलले तिथं!”

“मंग तिचं पाणी तिच्या आंधी नांदाले आलं, म्हना न!”

“जिभेले हाड नाई तुमच्या.”

“घर पाहाले कधी येता?”

“सोमवारी. पन घर मंग, आंधी इहीर. अंजनालेबी आनतो. पाणी तिचं हाय, पोहरा तिनंच टाकावा.”