चिमीचा दिवाळसण

तुम्ही लोक गाड्या घ्या कितीही, आमच्या लोणारच्या घरी आली तशी मोटार कोणाकडे आली नसेल. महाराष्ट्र नुकताच झाला होता. बाबांनी खामगावच्या एका म्हाताऱ्या वकिलांची जुनी, बेडकासारख्या डोळ्यांची छोटी मोटार विकत घेतली. निघताना आईनं वकीलकाकूंना विचारलं, "बाई, इले काय म्हनून हाक मारता?" गाय घेताना विचारतात, तसं.

बाबा ओशाळले, वकील हसले. काकू मात्र हळूच म्हणाल्या, "चिमी."

वकिलांचं हसू थांबलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि हे नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दिवाळी आली तशी आई म्हणाली, "चिमीले माहेरी न्या."

"अवं, मोटार हाय थे," बाबा म्हणाले.

"असन. पन पयला दिवाळसन हाय तिचा."

गेलो. काकूंनी आधी मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग बॉनेटवर हात फिरवत म्हणाल्या, "किती वाळली वं माही बाई."

आणि आमचे बाबा, विहिणीपुढं उभं राहावं तसे हात जोडून म्हणाले, "खाते-पिते चांगली, बाई. कामच जरा जास्त पडते तिले."